चंदू पेंटरची करवंदीची जाळी

चंदू पेंटरचा चेहरा जन्मापासून गुन्हेगाराचा आहे. क्रूर नव्हे, नुकताच पकडला गेलेला. नाकाबंदीत पोलीस सगळ्या गाड्या सोडतात आणि चंदूच्या स्कूटरला बाजूला घेतात. लग्नात कुणाची चप्पल हरवली, की लोक आधी चंदूच्या पायांकडे बघतात. आमच्या सोसायटीची पाण्याची मोटार जळली तेव्हा मीटिंग भरली, आणि विषय निघायच्या आत चंदू उठून म्हणाला, "माझं काय चुकलं असंल तर माफी असावी." मोटारीशी त्याचा संबंध एवढाच, की तिच्या खोलीच्या दारावर 'धोका' हा शब्द त्यानं लिहिला होता. तोही इतक्या देखण्या अक्षरात, की धोका पत्करावासा वाटे. अर्थात सगळे म्हणाले, "छे छे, चंदूशेठ, तुमचं कसं चुकेल!" आणि तो समाधानानं खाली बसला.

अशा माणसाचा साठी ओलांडल्यावर एक खराखुरा अपराध उघडकीला आला. तेव्हा त्याच्या चेहऱ्याची जी पंचाईत झाली, ती मी जवळून पाहिली. अपराधी चेहरा आयुष्यभर उगाचच वापरून झालेला. खरं काम पडलं तेव्हा दुसरा शिल्लक नव्हता.

आम्ही घाटकोपरला डोंगराच्या उतारावर एकाच इमारतीत, चौदाव्या मजल्यावर समोरासमोर राहतो. कधीकधी चंदू गॅलरीतून खाली वाकून बघतो आणि म्हणतो, "हितवर पाणी यायचं न्हाई." मला बरेच दिवस वाटायचं, हा टाकीच्या प्रेशरबद्दल बोलतोय. मग कळलं, की तो धरणाबद्दल बोलतोय.

चंदूचं गाव सावरघळ, जिल्हा सातारा. बघायला जाऊ नका, पाण्याखाली आहे. चंदूला मिसरूड फुटत होतं तेव्हा तिथं धरण झालं. काहींना दूरच्या कोरड्या तालुक्यात जमिनी मिळाल्या, बाकीचे ज्याच्या त्याच्या भावाचा, मेव्हण्याचा पत्ता धरून मुंबईला आले आणि घाटकोपर, मुलुंड, कांदिवली असे विखुरले. मुंबईत प्रत्येक गावाचं एक ग्रामस्थ मंडळ असतं, तसं सावरघळचंही आहे. फरक एवढाच, की इतरांना मंडळ आहे आणि गावही आहे. यांच्याकडे नुसतंच मंडळ. त्याचे सेक्रेटरी विद्याधरराव. त्यांच्या हातात एकदा माइक आला की तो परत मिळवण्यासाठी वीज घालवावी लागते.

भैरोबाचं देऊळ बुडाल्यामुळे चैत्रातली जत्रा आता घाटकोपरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. मी दरवर्षी जातो. धार्मिक कारणानं नव्हे, मटणासाठी. पण तिथं एक गोष्ट बघण्यासारखी असते, आणि ती म्हणजे चंदूनं रंगवलेलं गाव.

चंदूचा धंदा पाट्या रंगवण्याचा. दुकानांच्या पाट्या, रिक्षांच्या पाठी, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार. फ्लेक्स आला आणि धंद्याची वाट लागली. आता पार्किंगचे आकडे आणि 'येथे थुंकू नये' एवढंच उरलंय. पण डब्यांच्या तळाशी राहिलेला ऑइल पेंट तो जपून ठेवतो, आणि जत्रा जवळ आली की मांजरपाटाच्या भल्यामोठ्या कापडावर अख्खं सावरघळ काढतो. गावाचं आभाळ त्यामुळे मेडिकलच्या पाटीच्या निळ्याचं, देवळाचा कळस मिठाईच्या दुकानाचा. पण घर न् घर जागच्या जागी. कुणाचा गोठा, कुणाचं तुळशीवृंदावन, कुणाच्या भिंतीला पडलेली चीर. स्वतःची ओळख तो "सावरघळचा पहिला आणि शेवटचा पेंटर" अशी करून द्यायचा. एवढी एकच फुशारकी मी त्याच्या तोंडून ऐकली, आणि तीही तो माफी मागितल्यासारखीच मारायचा.

जत्रेला हे कापड भिंतीवर टांगतात. मग बायका ताटं घेऊन येतात आणि आपापल्या घराच्या उंबऱ्याला, म्हणजे कापडावरच्या उंबऱ्याला, हळदकुंकू लावतात. गाव गेलं, पण उंबरा पुजायचा राहू नये म्हणून कुणा सासुरवाशिणीनं कधी तरी सुरू केलं आणि ती रीत पडली. मुंबईत जन्मलेल्या मुली, जीन्स घातलेल्या, "मम्मी, आपलं कुठलं?" विचारत बोटानं घर शोधतात आणि टिकलीएवढं कुंकू टेकवतात. संध्याकाळपर्यंत सगळी दारं लालपिवळी होऊन जातात. म्हणून दरवर्षी नवं चित्र. चंदूला कुणी म्हणालं, "केवढी मेहनत वाया जाते रे," की तो म्हणतो, "वाया कुठं? लोकं घरी जाऊन आली."

दोन वर्षांपूर्वीच्या जत्रेला एक म्हातारी आली. जांभळं नऊवारी लुगडं, जाड चष्मा आणि पायात नातीचे स्पोर्ट्स शूज. हिचं नाव कृष्णाबाई. सोबत नात संघमित्रा, मरोळच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. कुणी तरी चित्राचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला होता, तो फिरत फिरत संघमित्रापर्यंत पोचला. "सावरघळ" हे नाव ऐकताच आजीनं शूज घातले, असं ती म्हणाली.

कृष्णाबाई चित्रापुढे उभी राहिली आणि चंदूकडे वळली. "धोंडीबाचा चंदू न्हवं तू?"

"व्हय."

"शेंबडा होतास."

"व्हय," चंदू म्हणाला. पकडला गेल्यासारखाच.

"बेस काढलंस गाव. ही चावडी. ह्यो पार. ह्यो रामा गुरवाचा गोठा. आगं बया, त्येची म्हस सुदिक काढलीस." तिचं बोट घरावरून घरावर जात खाली ओढ्यापर्यंत आलं, ओढा ओलांडून गेलं आणि थांबलं. "आन् हितं काय हाय?"

"करवंदीची जाळी," चंदू म्हणाला.

"आन् आमची घरं?"

ओढ्यापलीकडे बौद्धवाडी होती. त्या काळी गाव तिला दुसऱ्या नावानं ओळखायचं. ते मी लिहीत नाही, वाचकांना माहीत आहे. वाडीत सात घरं होती. चंदूच्या चित्रात तिथं वर्षानुवर्षं हिरवीगार जाळी होती, आणि तिच्यावर काळीभोर करवंदं. मी स्वतः त्या करवंदांचं कौतुक केलेलं होतं.

कृष्णाबाई चष्मा पुढे सरकवून जाळी निरखू लागली. "करवंदं झकास काढलीस. पिकल्याली हायत. पर येवढी करवंदं तिथं असती तर आमी उपाशी कशापायी ऱ्हायलो असतो रं?"

विद्याधरराव माइकसकट धावत आले. "आजी, त्याचं काय आहे, ती बाजू पर्स्पेक्टिव्हमध्ये येत नाही."

"काका, म्हैस येते ना पर्स्पेक्टिव्हमध्ये?" संघमित्रा म्हणाली.

विद्याधररावांनी, मी प्रथमच पाहिलं, स्वतःच्या हातानं माइक बंद केला.

कृष्णाबाई मात्र चिडलेली नव्हती. बाजारातल्या बोंबलांचा भाव सांगावा तशी म्हणाली, "धरणाच्या पान्याला बरोबर ठावं हुतं आमी कुठं ऱ्हातो त्ये. त्यानं न्हाई सोडलं आमाला." मग पंगतीला जाऊन बसली. चंदू वाढायला होता. तिच्या पानाशी आल्यावर त्यानं नजर अशी चुकवली, की रस्सा शेजारच्या पानात गेला. शेजारच्या पानावर मी होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

त्यानंतर चंदूचं काही खरं नव्हतं. बायको वनमाला हाका मारायची आणि हा गॅलरीत आभाळाकडे तोंड करून बसलेला. बिल्डिंगच्या फाटकावर 'येथे गाडी लावू नये' असं लिहायला सांगितलं, तर यानं खाली स्वतःच्या मनानं 'क्षमस्व' जोडलं. त्या दिवसापासून तिथं रोज तीन-चार गाड्या लागतात.

"तुझ्या लक्षात राहिलं नसेल रे," मी म्हणालो. "लहान होतास."

"लक्षात कशानं ऱ्हाईल? मी तिकडं कधी गेलोच न्हाई. येकदा बी न्हाई." त्यानं हातानं उंची दाखवली. "ओढा घोट्यायेवढा हुता. त्यात मी दिवसभर खेळायचो. पर पल्याडच्या काठाला पाय न्हाई लावला."

"कुणी मनाई केली होती?"

"न्हाई. कुनाला करायलाच लागली न्हाई."

मग त्यानं एक गोष्ट केली, जी त्याला वाटलं की दुरुस्ती आहे. जत्रेचं जुनं कापड काढून करवंदीची जाळी खरवडली आणि तिच्या जागी घरं काढली. मन लावून काढली, आणि ते घेऊन मरोळला कृष्णाबाईच्या घरी जायचं ठरवलं. एकट्याला धीर होईना, म्हणून मला ओढलं.

मेट्रोच्या स्टेशनात सामान तपासतात. शेकडो लोकांच्या बॅगा सुळसुळ गेल्या आणि चंदूचा चेहरा बघून गार्डनं त्याच्या गुंडाळीवर काठी ठेवली. "इसमें क्या है?"

"गाव," चंदू म्हणाला.

गार्डनं ते मशीनमध्ये घातलं. सावरघळ दुसऱ्या बाजूनं सुखरूप बाहेर आलं, आणि आम्ही मरोळला पोचलो.

कृष्णाबाईच्या घरात चंदूची आणखी एक अडचण झाली. तिला हाक काय मारायची? गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांना त्याच्याकडे नाती होती. कुणी मामी, कुणी आत्या, कुणी थोरली आय. हिच्यासाठी काहीच नव्हतं. गावात शेंबडी पोरंसुद्धा तिला "ए कृष्णे" म्हणायची. त्यात हाही असणार. ती हाक तर आता तोंडातून निघणं शक्य नव्हतं. त्यामुळे तो नुसत्याच वाक्यांची कसरत करत होता. "आणलंय. बघितलं तर बरं हुईल. म्हंजे, बघावं."

संघमित्रानं कापड जमिनीवर पसरलं. ओढ्यापलीकडे आता चार कुडाच्या झोपड्या होत्या. एकीतून धूर निघत होता. बाहेर एक शेळी होती.

कृष्णाबाई वाकली आणि जी हसत सुटली, की चष्मा काढून पुसावा लागला. "ही कुनाची खोपटी रं?"

"आपली," चंदू म्हणाला. "म्हंजे... तुमची."

"आमची? आमचं घर कौलारू हुतं, बाबा. मंगलोरी कौलं. तुमच्या घरावर गवत हुतं तवा आमच्यावर कौलं आली. माझा सासरा मुंबईला गोदीत हुता, बोटी रंगवायचा. त्यानं पैकं धाडून चढवली. दाराला बोटीचा निळा रंग हुता, साऱ्या गावात तसं दार न्हवतं." मग तिनं खरोखर कुतूहलानं विचारलं, "ही खोपटी तू बघितलीस कुठं?"

उत्तर संघमित्रानं दिलं. "पुस्तकात असंच असतं ना, काका. ओढ्यापलीकडे चार झोपड्या आणि एक शेळी."

"शेळी पुसतो," चंदू घाईघाईनं म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," कृष्णाबाई म्हणाली. "शेळी हुती."

आता मी हसावं, तर चंदूकडे बघवेना. पहिल्यांदा त्यानं घरं काढली नव्हती, तेव्हा निदान माहीत नव्हतं म्हणता येत होतं. आता तर त्यानं स्वतःच्या हातानं, मन लावून, चुकीची काढली होती. आणि वर गावातला पहिला पेंटरही तो नव्हता. तो मान त्याच्या आधीच गोदीत बोटी रंगवणाऱ्या कृष्णाबाईच्या सासऱ्याकडे गेला होता.

त्याची अवस्था बघून कृष्णाबाईला दया आली असावी. किंवा नसावी, ती कामाचंच बोलली. "तू हे काढतोस ते कुठं हुबं ऱ्हाऊन?"

"भैरोबाच्या पायरीवर."

"मग कसं दिसंल? तिथनं ओढ्याकडं उतार लागतो, त्या उताराच्या आड आमी. पायरीवरनं आमी दिसायचो न्हाई, म्हनूनशान तर तिथं ठेवलं हुतं. पर आमच्या अंगनातनं तुमी समदे दिसायचा. समद्यांची परसं. कोन काय वाळत घालतंय, कोन कुनाला शिव्या घालतंय. तुझी आय परसात राख टाकायला यायची. डाव्या हातानं टाकायची. उजवा दुखायचा तिचा."

चंदूची आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिचा उजवा हात दुखायचा, हे त्याला माहीत नव्हतं. तो तसाच उकिडवा बसून राहिला, कापडावरच्या आपल्या घराकडे बघत. त्याच्या चित्रात ते पहिल्या रांगेत होतं, तुळशीसकट.

"मग तुमच्या अंगनातनं काढतो," तो म्हणाला.

"मी सांगंन तसं काढशील?"

"व्हय."

"माझं ध्यान असतंय हां. ही पोरगी क्वालिटीचं काम कुनाकडनं शिकली वाटतंय तुला?"

तेव्हापासून चंदूचे रविवार मरोळला जाऊ लागले. तो पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर निळे रंग करून न्यायचा आणि कृष्णाबाई एकेक नापास करायची. "ह्यो रिक्षाचा निळा." "ह्यो देवाच्या फोटोतला." "ह्यो तर पोलिसांच्या गाडीचा, ह्यो हितं आणूच नगंस." शेवटी दोन-तीन डबे आणि थोडं काळं मिसळून एक मळकट, खारवलेला निळा जमला. ती पट्टी तिनं परत दिली नाही, उशाशी ठेवून दिली.

एका रविवारी संघमित्रा म्हणाली, "काका, आजीला काहीतरी हाक मारा हो. तुम्ही आलात की घरात कर्त्याशिवायची वाक्यं फिरतात."

चंदूनं घसा साफ केला. "काकी."

कृष्णाबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

"काकी," तो पुन्हा म्हणाला.

"कावळं लई झाल्यात ह्या बिल्डिंगला," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा तिनं मान वळवली. "काय रं? येवढ्या उशिरानं सुचलं व्हय?" आणि तिनं त्याला आपल्या घराशेजारच्या रतनबाईच्या जोत्याची उंची सांगायला सुरुवात केली.

चित्र पुढे सरकलं तसा एक घोटाळा चंदूच्या लक्षात आला. ओढ्यापलीकडून पाहिलं, की त्याचं स्वतःचं घर चिंचेच्या मागे जात होतं. त्यानं चिंच थोडी डावीकडे घेऊन पाहिली. कृष्णाबाईनं लगेच पकडलं. "चिच हलवली कुनी?"

"अंमळ सरकली."

"जाग्यावर आन."

चिंच जागेवर गेली आणि घर दिसेनासं झालं. त्या रविवारी परत येताना चंदू मला म्हणाला, "माझं येकट्याचं गेलं तर लगेच कसं जीवाला लागलं बघा. त्यांची सात घरं मी जाळीखाली घातली तर हात बी न्हाई थरथरला." मी नेहमीप्रमाणे "जाऊ दे रे" म्हणणार होतो. पण ते "छे छे" सारखंच झालं असतं, म्हणून गप्प बसलो.

गेल्या चैत्रात जत्रा भरली. कापड उलगडून टांगलं.

समोर, अगदी पुढे, सात घरं होती. मंगलोरी कौलं, सारवलेली अंगणं, एक शेळी, आणि मधोमध ते निळं दार. मग ओढा. आणि ओढ्यापलीकडे, चढावर, सगळं सावरघळ पाठमोरं. नुसत्या पाठीमागच्या भिंती. शेणी थापलेल्या, ओल आलेल्या. मोऱ्यांचं पाणी, उकिरडे, वाळत घातलेली धोतरं. चावडीची पाठ. भैरोबाच्या देवळाचीही पाठ. ज्या घराण्यांनी दरवर्षी आपल्या ओसरीसमोर उभं राहून फोटो काढले, त्यांच्या वाट्याला या वर्षी न्हाणीघरं आली होती.

"चंदू," विद्याधरराव माइक विसरून म्हणाले, "अरे, तू गावाची पाठ काढलीस!"

"हितनं गाव आसंच दिसायचं," चंदू म्हणाला.

"पण बायका कुंकू कुठं लावणार? उंबरेच नाहीत! उंबरे फक्त..." इथं त्यांना आपलं वाक्य कुठं चाललंय ते दिसलं, आणि ते थांबले. उंबरे फक्त सात घरांना होते.

बायका ताटं घेऊन उभ्याच होत्या. पुरुष कुजबुजत होते. कुणी म्हणालं, जुनं कापड आहे का बघा. चंदू कोपऱ्यात, चेहरा नेहमीचाच; या वेळी मात्र त्याला शोभत होता. एवढ्यात मुलुंडच्या एक मावशी चष्मा लावून पुढे झाल्या, आणि एकदम ओरडल्या, "आगं, हे तर आमचं परसदार! हितं माझी चूल हुती भायेरची. ह्या फळकुटावर मी भांडी घासली!" मग बायकांची झुंबड उडाली. पुढच्या दारानं त्या आयुष्यात कितीदा गेल्या होत्या? लग्न होऊन आल्या तेव्हा एकदा. बाकी सगळा संसार मागच्या दारानं. भराभरा परसदारांना कुंकू लागू लागलं. आपलं घर कुठलं ते नवऱ्यांना आता बायकांकडून विचारून घ्यावं लागत होतं, आणि बायका त्यांना थोडं ताटकळत ठेवून सांगत होत्या.

वनमाला ताट घेऊन शोधत राहिली. "आवो, आपलं कुठंय?"

"चिचेमागं," चंदू खाली बघत म्हणाला. "दिसत न्हाई."

"म्हंजे मी काय चिचेला कुंकू लावू?" असं म्हणून ती वाकली आणि तशीच राहिली. चिंचेच्या बुंध्याशी राखेचा एक ढीग होता आणि त्याच्याजवळ बोटाच्या पेराएवढी एक बाई, डाव्या हातात टोपलं घेतलेली. "आत्याबाई!" वनमालेनं सासूला ओळखलं. काडीपेटीतल्या काडीच्या टोकावर तिनं कुंकू घेतलं आणि सासूच्या कपाळाला लावलं.

विद्याधररावांना आता माइक सापडला होता. "ग्रामस्थहो, चित्र उत्तमच आहे. सर्वांचं समाधान व्हावं म्हणून असं ठरवू, की एक वर्ष पुढून, एक वर्ष मागून. वर्षाआड."

टाळ्या वाजल्या. त्या थांबल्यावर खुर्चीतून कृष्णाबाईचा आवाज आला, माइकशिवाय. "म्हंजे आमी वर्साआड गावात ऱ्हायचो व्हय?"

टाळ्या वाजवलेले हात लोकांनी कुठं कुठं लपवले. मीही पाठीमागे घेतले.

कृष्णाबाई नातीच्या हाताचा आधार घेत चित्राजवळ आली. कुंकवाचं ताट कुणी तरी तिच्यापुढे केलं, तिनं ते हलकेच बाजूला सारलं. निळ्या दारावर तिनं तळहात टेकवला. चंदूनं त्या दाराला सकाळी आणखी एक हात दिला होता. रंग ओला होता. तळवा निळा झाला. तो तिनं पुसला नाही. मग ती मागे झाली आणि चढावरच्या विहिरीकडे बघत म्हणाली, "हीर बरोबर लांब काढलीस. येवढीच लांब हुती."

चंदू पुढे आला. त्याचे ओठ हलले, आणि जे वाक्य त्यानं मोटारींसाठी, चपलांसाठी, नाकाबंदीसाठी जन्मभर वापरलं होतं, तेच बाहेर आलं. त्याच्याकडे दुसरं नव्हतंच.

"काकी, माझं चुकलं."

"व्हय," कृष्णाबाई म्हणाली. "चुकलं."

चंदू थांबला होता. आजवर या वाक्यानंतर कुणी ना कुणी "छे छे" म्हणालं होतं. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी काहीच म्हणालो नाही. त्याचा चेहरा हळूहळू सुटत गेला, आणि मी त्याला ओळखायला लागल्यापासून प्रथमच तो पकडला गेल्यासारखा दिसला नाही. एखाद्या साध्या, चुकलेल्या माणसासारखा दिसला.

"आन् आजून येक," कृष्णाबाई म्हणाली. निळं बोट शेजारच्या घरावर ठेवलेलं. "रतनबाईच्या दाराला कडी घातलीस. त्ये दार कवा लागल्यालं मी बघितलं न्हाई. उघड त्ये."

चंदूनं पिशवीतून ब्रश काढला. डबा उघडून जमिनीवर ठेवला, गुडघे टेकले आणि कापडाशी नाक नेऊन कडीवर रंग ओढायला सुरुवात केली. मागं पंगतीसाठी पानं मांडली जात होती. मटणाचा वास सुटला होता. मला भूक लागली होती, पण जागचं हलवेना.

"काकी," तो मान न वळवता म्हणाला, "आत काय काय हुतं?"

संघमित्रानं खुर्ची जवळ ओढली. कृष्णाबाई बसली, स्पोर्ट्स शूजची लेस सैल केली आणि म्हणाली, "उजव्या हाताला आधी जातं काढ."